बाबांच्या पेसमेकरचा आकडा १२ वरून ८६ वर गेला, म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न एका मुलीचा आहे. वडील ७४ वर्षांचे. चार वर्षांपूर्वी चक्कर येऊन दोनदा पडले, तेव्हा त्यांना दोन वायरींचा पेसमेकर बसवला. गेल्या वर्षीच्या चेकिंगच्या कागदावर 'एपी ३८ टक्के, व्हीपी १२ टक्के' होतं. यंदाच्या कागदावर 'एपी ६२, व्हीपी ८६' आहे. डॉक्टर "मशीन उत्तम चाललंय" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. घरी येऊन तिनं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि तिची झोप उडाली. हृदय खराब होत चाललंय का? बॅटरी लवकर संपेल का? मशीनची सवय लागून हृदय आळशी होतं असं शेजारचे काका म्हणतात, ते खरं का? आणि शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंय की बॅटरी वाचावी म्हणून बाबांनी संध्याकाळचं फिरणं बंद केलंय.

ताई, फिरणं आजपासूनच सुरू करायला सांगा. चालण्यानं बॅटरीवर पडणारा भार मोजण्याच्या लायकीचाही नसतो, आणि न चालण्याचे तोटे मात्र चौऱ्याहत्तराव्या वर्षी फार लवकर दिसतात. बाकीचं उत्तर लांब आहे.

डॉक्टर खोटं बोललेले नाहीत, हे आधी सांगते. 'मशीन उत्तम' याचा अर्थ बॅटरीत जीव आहे, वायरी शाबूत आहेत, हृदयाचा स्वतःचा ठोका मशीनला नीट कळतोय आणि मशीनचा ठोका हृदय नीट पकडतंय. हे सगळं मशीनबद्दल झालं. तुमचा प्रश्न बाबांच्या हृदयाबद्दल आहे. गर्दीच्या ओपीडीत, बऱ्याचदा कंपनीचा इंजिनिअर प्रोग्रामर (पेसमेकर तपासायचं आणि त्याचं सेटिंग बदलायचं यंत्र) घेऊन बसलेला असताना, पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं आणि दुसरा कुणी विचारतच नाही.

आता आकडे. एपी हा वरच्या कप्प्याचा आकडा. मोजणीच्या काळात त्या कप्प्याचे जेवढे ठोके झाले, त्यातले किती मशीननं दिले हे तो सांगतो. व्हीपी तसाच, पण खालच्या कप्प्याचा. टक्के ठोक्यांचे आहेत, तासांचे नाहीत. मिनिटाला ६० धरले तर दिवसाचे ८६,४०० ठोके होतात, म्हणजे एक टक्का हे ८६४ ठोके. कागदावरचा १२ टक्के हा आकडाही रोज दहा हजारांच्या वर जातो, हे लक्षात ठेवलं की 'कमी' आणि 'जास्त' या शब्दांचा धाक थोडा कमी होतो.

दोन्ही आकडे वेगवेगळ्या नियमांनी हलतात. एपीचा नियम सोपा आहे. मशीनला किमान गती सांगून ठेवलेली असते, समजा ६०. मग ते प्रत्येक ठोक्यानंतर एक सेकंद वाट पाहतं. त्या सेकंदात हृदयाचा स्वतःचा ठोका आला तर मशीन गप्प बसतं, नाही आला तर देतं. आता बसल्या जागी बाबांची स्वतःची गती ५८ आहे असं धरा. किमान गती ६० असेल तर घरात बसलेल्या, झोपलेल्या सगळ्या वेळात मशीनच ठोके देणार, आणि एपी सहज साठ-सत्तर टक्क्यांवर जाणार. किमान गती ५० केली की तोच माणूस, त्याच खुर्चीत, एपी पाच टक्के. दोन ठोक्यांच्या फरकावर हे सगळं चालतं. त्यामुळे ३८ चे ६२ झाले याचं मला एवढ्यावरून फारसं काही वाटत नाही. साइनस नोड, म्हणजे हृदयाचं स्वतःचं गती देणारं केंद्र, वयाबरोबर संथ होतंच. बाबांना पेसमेकर बसवला तोही बहुधा त्याचसाठी.

व्हीपीचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि तुमच्या कागदावर बघायचा आकडा तोच आहे.

वरच्या कप्प्यातून निघालेला संदेश एव्ही नोड नावाच्या नाक्यातून खाली उतरतो. त्याला लागणारा वेळ ईसीजीवर पीआर म्हणून मोजतात. तो साधारण १२० ते २०० मिलिसेकंद असतो, आणि पंचाहत्तरीच्या आसपास २२०-२४० दिसणं काही नवलाचं नाही. मशीनलाही सांगून ठेवलेलं असतं की वरचा ठोका झाल्यावर खालच्या ठोक्यासाठी किती थांबायचं. त्याला एव्ही डिले म्हणतात. समजा बाबांचा संदेश २४० मिलिसेकंदांनी खाली पोचतो आणि मशीनला २०० वर थांबवलेलं आहे. मशीन प्रत्येक वेळी ४० मिलिसेकंद आधीच ठोका देऊन मोकळं होणार. व्हीपी शंभराच्या घरात. एव्ही डिले २८० केला, की संदेश आपला आपण वेळेत पोचतो आणि व्हीपी दोन-चार टक्क्यांवर येतो. हृदयात काडीचाही फरक पडलेला नाही.

म्हणून हा आकडा हळूहळू चढत नाही, उडी मारतो. पीआर १९० असताना २०० च्या डिलेत बसत होता, तो २१० झाला की बसेनासा होतो. वीस मिलिसेकंदांचा बदल कागदावर १२ चे ८६ करू शकतो. उडी केवढी आहे यावरून आतला बदल केवढा आहे हे कळत नाही, आणि नेमकं इथेच घरचे लोक घाबरतात.

दोन्ही आकडे एकत्र का वाढतात तेही बघा. वरचा ठोका स्वतःचा असतो तेव्हा संदेश लवकर खाली येतो. तोच ठोका मशीननं दिलेला असेल तर वायरीच्या टोकापासून नाक्यापर्यंतचा जादा प्रवास त्यात धरावा लागतो, आणि मोजणीचं घड्याळही ठोका सोडल्याच्या क्षणापासूनच सुरू होतं. हा फरक साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांचा पडतो. म्हणूनच सेटिंगमध्ये एव्ही डिलेचे दोन आकडे असतात, एक स्वतःच्या ठोक्यानंतरचा आणि दुसरा, मोठा, मशीनच्या ठोक्यानंतरचा. शिवाय एव्ही नोडचा स्वभाव असा की माणूस स्वस्थ बसलेला असताना मशीननं वरून भराभर ठोके पाठवले, तर तो ते खाली सोडताना जास्त वेळ घेतो. तेव्हा कुणी किमान गती ६० ची ७० केली, किंवा हालचालीप्रमाणे गती वाढवणारा सेन्सर चालू केला, तर आधी एपी वाढतो, एपी वाढला की खाली पोचायचा वेळ लांबतो, तो डिलेच्या बाहेर गेला की व्हीपी उडी मारतो. "थकवा वाटतो" अशी तक्रार केली आणि सहृदयपणे कुणी गती वाढवून दिली, एवढं निमित्तही पुरतं.

हेच काम गोळीसुद्धा करते. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, ॲमिओडॅरोन ही औषधं साइनस नोडही संथ करतात आणि एव्ही नोडही. म्हणजे एक गोळी वाढली की दोन्ही आकडे वर. इव्हाब्राडिन मात्र मुख्यतः साइनस नोडवर चालतं, तिथे एपी वाढेल, व्हीपीला त्याचा थेट धक्का लागणार नाही. हृदयाच्या डॉक्टरांची गोळी सगळ्यांच्या लक्षात असते. लक्षात येत नाही ते काचबिंदूसाठी डोळ्यात घालायचं टिमोलॉल. थेंब नाकाकडे उतरून रक्तात मिसळतो आणि तोही मेटोप्रोलॉलसारखाच बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके संथ करणारं औषध, आहे. "औषधं सांगा" म्हटल्यावर पेशंट पिशवीतल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडतो, पण डोळ्याची बाटली घरी फ्रीजवर राहिलेली असते. विसराळूपणासाठी देतात ते डोनेपेझिलही ठोके संथ करतं. आणि औषधांच्या यादीत न दिसणारं एक कारण म्हणजे थायरॉइड मंद होणं. थायरॉइडची रक्ततपासणी, टीएसएच, वर्षभरात केलेली नसेल तर करून घ्या.

पण हे वाचून गोळी परस्पर बंद करू नका. बीटा ब्लॉकर अचानक थांबवला तर छातीत दुखण्यापासून पुढचं काहीही होऊ शकतं. शिवाय पुष्कळदा क्रम उलटा असतो. पेसमेकरचा आधार आहे म्हणूनच ही औषधं निर्धास्तपणे देता येतात. तशा वेळी एपी वाढणं हा आधीच धरलेला हिशोब असतो.

आता दोन्ही कागद पुन्हा हातात घ्या. पहिल्या पानावर टक्क्यांच्या आसपास मोड (मशीन कुठल्या पद्धतीनं चालतंय ते), किमान गती, कमाल गती आणि एव्ही डिले छापलेले असतात. ते दोन्ही कागदांवर ओळीला ओळ लावून बघा. मोडच्या जागी गेल्या वर्षी 'एएआयआर' (ठोके फक्त वरच्या कप्प्याला) आणि 'डीडीडीआर' (दोन्ही कप्प्यांना) अशी दोन नावं मध्ये बाणाची खूण घालून असतील आणि यंदा नुसतं 'डीडीडीआर' असेल, तर तुमचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं. हल्लीच्या मशीनमध्ये खालच्या कप्प्याला उगाच ठोके द्यायचे नाहीत यासाठी खास सोय असते. मेडट्रॉनिकमध्ये तिला एमव्हीपी म्हणतात, ॲबटमध्ये व्हीआयपी, इतर कंपन्यांची आपापली नावं आहेत. एमव्हीपीत मशीन फक्त वरच्या कप्प्याला ठोके देतं आणि खालचा ठोका आपणहून येऊ देतं. चार ठोक्यांत दोनदा संदेश खाली पोचला नाही की दोन्ही कप्पे ताब्यात घेतं, आणि मग आधी मिनिटानं, नंतर दुप्पट-दुप्पट अंतरानं रस्ता मोकळा झालाय का ते तपासून बघतं. ही सोय बंद झाली तर व्हीपी रातोरात ऐंशीच्या वर जातो. कधी ती मुद्दाम बंद करतात, कारण पीआर फार लांबला की वरचा आणि खालचा कप्पा यांचा मेळ बिघडून दम लागतो. कधी ती दुसऱ्याच कुठल्या कारणानं बंद झालेली असते आणि पुन्हा चालू करायची राहून जाते.

सेटिंग तेच, गोळ्या त्याच, थायरॉइड ठीक, आणि तरी व्हीपी १२ चा ८६? मग एव्ही नोडचा रस्ता खरोखर खराब झालाय असं धरावं लागतं. साइनस नोडच्या आजारासाठी मशीन बसवलेल्यांपैकी काहींना पुढच्या वर्षांत हा ब्लॉक होतोच. म्हणून तर दुसरी वायर आधीच खाली घालून ठेवतात. याची खात्री प्रोग्रामरवर करता येते. एव्ही डिले थोडा वेळ ३००-३५० पर्यंत लांबवायचा आणि पडद्यावरच्या पट्टीत बाबांचा स्वतःचा ठोका खाली येतो का ते बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे. ठोका २६० वर नियमित आला तर सेटिंगमध्ये वाव आहे. एक आला, दोन गळाले असं दिसलं तर ब्लॉक खरा आहे आणि ८६ टक्के ही बाबांची गरज आहे. मग तो आकडा खाली आणायच्या नादाला लागायचं नाही.

हे सगळं खटाटोपाचं का आहे ते आता सांगते, कारण एपी ९९ झाला तर मी ढुंकूनही बघत नाही आणि व्हीपीसाठी मात्र एवढं लिहितेय.

नेहमीची खालची वायर उजव्या कप्प्यात असते. तिथून दिलेला ठोका हृदयाच्या स्वतःच्या वायरिंगनं न जाता स्नायूतून रांगत डाव्या कप्प्यापर्यंत जातो. उजवी बाजू आधी आकुंचन पावते, डावी उशिरा. हे दिवसाला सत्तर-ऐंशी हजार वेळा, वर्षानुवर्षं झालं, तर काही जणांचं डावं हृदय सैल पडतं, इकोवरचा ईएफ, म्हणजे डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा, घसरतो. २००२ साली डेव्हिड नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ईएफ ४० किंवा त्याहून कमी आणि छातीत शॉक देणारं मशीन असलेले ५०६ पेशंट त्यात होते. अर्ध्यांचं मशीन ४० च्या गतीवर नुसतं राखणीला ठेवलं, अर्ध्यांचं ७० च्या गतीवर दोन्ही कप्प्यांना ठोके देत ठेवलं. तोवर समज असा होता की जास्त मदत म्हणजे जास्त फायदा. झालं उलटंच, राखणीवाले बरे राहिले. पाठोपाठ २००३ मध्ये मोस्ट अभ्यासाच्या पेशंटांची आकडेवारी आली, म्हणजे बाबांसारख्याच साइनस नोडच्या आजाराच्या लोकांची. दोन कप्प्यांचं मशीन असलेल्यांत व्हीपी ४० टक्क्यांच्या वर गेला की हार्ट फेल्युअरसाठी दवाखान्यात भरती होण्याचा धोका दुपटीहून जास्त दिसला. वर सांगितलेल्या व्हीपी टाळणाऱ्या सोयी त्यानंतरच घरोघरी पोचल्या.

यातून '४० च्या वर गेलं की हृदय बिघडतं' असा अर्थ काढू नका. शंभर टक्के व्हीपीवर वीस-वीस वर्षं शेतात काम करणारे लोक माझ्या ओपीडीत आहेत. साधारण पाचात-दहात एकाला हा त्रास होतो, आणि तो कुणाला होईल हे आधी नेमकं सांगता येत नाही, म्हणून इको करायचा. बाबांचा पेसमेकर बसवतानाचा इको शोधून काढा. तेव्हा ईएफ ६० होता आणि आज ६०च आहे, तर ८६ हा आकडा कागदावर राहू द्या, वर्षा-दीड वर्षानं पुन्हा इको करा. ६० चा ४५ झाला असेल आणि दुसरं कारण सापडत नसेल, तर आधी सेटिंगनं व्हीपी कमी होतो का बघायचं, आणि ब्लॉक खरा असल्यामुळे होत नसेल तर वायर वाढवण्याचा विचार करायचा. डाव्या कप्प्यासाठी तिसरी वायर घालता येते, किंवा हल्ली पुष्कळ ठिकाणी करतात तशी डाव्या बंडलच्या, म्हणजे हृदयाच्या वायरिंगच्या डाव्या फांदीच्या, जागी वायर रोवता येते, म्हणजे ठोका हृदयाच्या स्वतःच्या वायरिंगमधूनच जातो.

काकांच्या 'आळशी हृदया'बद्दल. सवय लागून हृदय ठोके द्यायचं विसरतं असं होत नाही. वर लिहिलेलं डावं हृदय सैल पडणं ही वेगळी गोष्ट, त्याचा सवयीशी संबंध नाही. हा समज बहुतेक चेकिंगच्या टेबलावरूनच बाहेर पडलेला आहे. चेकिंगला मशीनचे ठोके एकदम थांबवले तर हृदयाचा स्वतःचा ठोका यायला काही सेकंद लागू शकतात, तेवढ्यात पेशंटच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि बाहेर येऊन तो सांगतो की मशीनशिवाय माझं हृदय चालतच नाही. गती ६०, ५०, ४० अशी पायरीपायरीनं खाली आणली तर त्याच माणसाचा स्वतःचा ठोका ४८ वर सापडतो. यासाठीच टक्के आणि 'मशीनवर अवलंबून असणं' यांची गल्लत करू नये. एपी ९९ असलेल्याचं मशीन बंद पडलं तर तो कदाचित फक्त सुस्तावेल. व्हीपी ३ असलेला एखादा त्या तीन टक्क्यांतच दहा-दहा सेकंद थांबत असेल आणि मशीन नसतं तर तोंडावर पडला असता. जगातला पहिला पूर्ण आत बसवलेला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ ला स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना बसवला, तो काही तासच टिकला. त्यांनी पुढे वीसहून जास्त मशीनं वापरली आणि २००१ मध्ये, ८६ व्या वर्षी, कर्करोगानं गेले. सुरुवातीची मशीनं हृदयाकडे बघतच नसत, ठरल्या गतीनं ठोके देत राहत. टक्क्यांचा प्रश्नच नव्हता.

आकडा कमी झाला म्हणून पेढे वाटणारेही असतात, त्यांच्यासाठी थोडं. पुढच्या वर्षी बाबांचा एपी ६२ चा १५ झाला तर साइनस नोड सुधारला असं समजू नका. तो सहसा सुधारत नाही. वरच्या कप्प्यात एट्रियल फिब्रिलेशन सुरू झालं की तिथे इतकी थरथर असते की मशीनला ठोका द्यायला जागाच उरत नाही, आणि एपी आपोआप पडतो. पेशंटला पुष्कळदा काही जाणवतही नाही. त्याच कागदावर एटी/एएफ बर्डन नावाची ओळ असते (अशी थरथर किती वेळ चालली ते सांगणारी), ती बघायची. २०१२ च्या ॲसर्ट अभ्यासात, मशीननंच टिपलेले असे सहा मिनिटांहून लांब झटके असलेल्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे अडीचपट दिसला होता. रक्त पातळ करण्याची गोळी द्यायची की नाही हा मग वेगळा, डॉक्टरांशी बसून ठरवायचा विषय. तसंच पूर्ण ब्लॉक असलेल्या पेशंटचा व्हीपी वर्षानुवर्षं १०० असेल आणि तो ९४ झाला, तर मी तो कागद बाजूला काढते. सहा टक्के ठोके आले कुठून? खालच्या कप्प्यातले अवेळी ठोके असतील, क्वचित रस्ता उघडला असेल, किंवा वायरीला तडा जाऊन तिच्यातली खरखर मशीनला हृदयाचे ठोके वाटत असेल आणि ते गप्प बसत असेल. तिसरं कारण असेल तर पेशंट घरी पाठवायच्या लायकीचा नाही. आणि तीन वायरींचं, हार्ट फेल्युअरसाठी बसवलेलं मशीन असेल तर सगळं गणित उलटं. तिथे व्हीपी ९८ च्या वर हवा, ९० वर आला तर कारण शोधायचं.

या मोजणीतली एक खोट मुद्दाम सांगते, कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. मशीन दिलेले ठोके मोजतं, हृदयानं घेतलेले नाही. पोस्टात टाकलेल्या पत्रांचा हिशोब म्हणजे पोचलेल्या पत्रांचा हिशोब नव्हे, तसंच. वायर हलली आणि एकही ठोका पकडला जात नसला तरी कागदावर व्हीपी १०० छापून येऊ शकतो. उलटही होतं. वरच्या कप्प्याचा बाबांचा स्वतःचा ठोका क्षीण झाल्यामुळे मशीनला कळेनासा झाला, तर ते गरज नसताना ठोके देत सुटतं आणि एपी फुगतो. तेव्हा साइनस नोड बिघडलेला नसतो, मशीनला कमी ऐकू येत असतं, आणि सेन्सिटिव्हिटी बदलून ते दुरुस्त होतं. चेकिंगच्या कागदावर 'पी वेव्ह' (वरच्या कप्प्याचा स्वतःचा ठोका मशीनला किती ठळक कळतो) आणि थ्रेशोल्ड (हृदयानं ठोका पकडायला किमान किती व्होल्ट लागतात) असे आकडे असतात ते यासाठीच.

दोन्ही कागदांवरची मोजणी कधीपासूनची आहे तेही बघा. काही कागद मागच्या चेकिंगपासूनचा हिशोब देतात, काही मशीन बसवल्यापासूनचा. मध्येच कुणी काउंटर शून्य केलेले असतील तर एक कागद वर्षाचा आणि दुसरा तीन आठवड्यांचा निघतो, आणि त्या तीन आठवड्यांत बाबा तापानं अंथरुणावर असतील तर तुलनाच चुकीची.

बॅटरीचं. व्हीपी वाढल्यानं ती थोडी लवकर उतरेल, हे खरं. पण मशीन एकही ठोका न देता नुसतं पहारा देत असतं तेव्हाही वीज खातंच, त्यामुळे १२ चे ८६ झाले म्हणजे आयुष्य सातव्या हिश्शावर आलं असं होत नाही. फरक बहुधा काही महिने ते फार तर एखाद-दोन वर्षं. त्याहून मोठा खर्च ठोका किती व्होल्टचा दिला जातो याचा असतो. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे अडीच व्होल्टऐवजी पाच व्होल्ट ठेवले तर प्रत्येक ठोका चौपट महाग. मशीन बसवल्यावर सुरुवातीला व्होल्टेज मुद्दाम जास्त ठेवतात, वायर स्थिरावली की दोन-तीन महिन्यांनी कमी करायचं असतं, आणि ते करायचं राहून गेलेले पेशंट मला चार-चार वर्षांनी भेटतात. बाबांच्या कागदावर 'आउटपुट' पुढे काय लिहिलंय ते बघा. शिल्लक वर्षांचा अंदाज तिथेच छापलेला असतो.

पुढच्या चेकिंगला दोन्ही कागद, सगळी औषधं डोळ्याच्या थेंबांसकट, आणि जुना इको घेऊन जा. एवढंच म्हणा: "गेल्या वर्षी व्हीपी १२ होता, आता ८६ आहे. मधे सेटिंग बदललं का? एव्ही डिले लांबवून यांचा स्वतःचा ठोका खाली येतो का ते एकदा दाखवाल का?" हा प्रश्न ऐकल्यावर कुठलाही चांगला डॉक्टर किंवा इंजिनिअर खुर्ची पुढे ओढतो. यासाठी धावत जायची गरज नाही, आठ-पंधरा दिवसांत वेळ घ्या. मात्र बाबांना पुन्हा चक्कर आली किंवा ते पडले, चालताना किंवा आडवं झाल्यावर नवीन दम लागायला लागला, पायाला सूज आली, मशीनच्या जागी लाली किंवा सूज दिसली, सारखी उचकी लागली, किंवा नाडी हातानं पूर्ण मिनिटभर मोजली आणि ती ठरलेल्या किमान गतीपेक्षा बरीच कमी भरली, तर चेकिंगच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. नाडी बोटांनीच मोजा. अवेळी ठोके असले तर ऑक्सिमीटर कमी आकडा दाखवून उगाच घाबरवतो. रात्री नाडी ५०-५५ भरली तर आधी झोपेसाठी वेगळी गती ठेवलेली आहे का ते विचारा, पुष्कळ मशीनमध्ये तशी ठेवतात.

सेटिंग बदललं तर काउंटर त्याच दिवशी शून्य करून घ्या आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. त्या कागदावरचा व्हीपी, आणि आताच्या इकोचा ईएफ, हे दोन आकडे मला कळवा.